विनायट्रीकरण बायोरिॲक्टर

विनायट्रीकरण बायोरिॲक्टर म्हणजे शेतातून भूमिगत नळ्यांवाटे बाहेर पडणाऱ्या पाण्यातील नायट्रेट कमी करण्यासाठी जमिनीत खणलेला व लाकडाच्या ढलप्यांनी भरलेला चर होय. ढलप्यांवर वाढणारे जिवाणू पाण्यातील नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि हा वायू हवेत निघून जातो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील आयोवा, इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांत तसेच कॅनडा व न्यू झीलंड येथे या पद्धतीचा अभ्यास आणि वापर झाला आहे. नावावरून एखादे पोलादी यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मात्र गवताने झाकलेला किंचित उंचवटा आणि त्याच्या दोन टोकांना जमिनीबाहेर डोकावणाऱ्या दोन पेट्या, एवढेच वरून दिसते. त्याला पंप, वीज वा रसायने लागत नाहीत.

बांधणी सोपी असली तरी आकारमान ठरवणे सोपे नाही. शेतातील बहुतेक पाणी व बहुतेक नायट्रेट वसंत ऋतूतील मोजक्या आठवड्यांत वाहून जाते. त्या वेळी पाणी थंड असल्याने जिवाणू मंदावलेले असतात आणि प्रवाह मोठा असल्याने त्यांना पुरेसा वेळही मिळत नाही. या रचनेचा अभियांत्रिकी विचार मुख्यतः याच अडचणीभोवती फिरतो.

पार्श्वभूमी

आयोवा व इलिनॉय येथील काळी जमीन हिमनद्यांनी सोडलेल्या गाळावर तयार झालेली, सपाट आणि मूळची पाणथळ आहे. तिच्यात मका व सोयाबीन पिकवता यावे म्हणून जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या गेल्या. अमेरिकेत या पद्धतीचा आरंभ न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा गावाजवळ झाला. जॉन जॉन्स्टन या मूळच्या स्कॉटिश शेतकऱ्याने तेथे १८३८ मध्ये भाजलेल्या मातीच्या नळ्या शेतात पुरल्या. त्या नळ्यांवरून ‘टाइल’ हा शब्द रूढ झाला आणि पुढे प्लॅस्टिकच्या सच्छिद्र नळ्या आल्यावरही तो तसाच राहिला. या नळ्यांनी दलदलीचे रूपांतर जगातील अत्यंत उत्पादक शेतजमिनीत केले. मात्र पूर्वी दलदलीत रेंगाळणारे आणि तेथेच नायट्रेट गमावणारे पाणी आता थेट ओढ्यात पोहोचू लागले.

या नायट्रेटचा दोष केवळ खताला देणे पुरेसे नाही. या मातीत सेंद्रिय द्रव्य विपुल असून ते कुजताना जिवाणू त्यातील नायट्रोजनचे नायट्रेट बनवतात. मका व सोयाबीन ही दोन्ही पिके वर्षातील चार-पाच महिनेच मुळांवाटे नायट्रेट शोषतात. एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत आणि पुन्हा कापणीनंतर जमीन उघडी असते, आणि नळ्यांतून पाणी वाहण्याचा हंगामही प्रामुख्याने वसंतातलाच आहे. नायट्रेटचा आयन ऋणभारित असल्याने मातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवत नाहीत. पाणी जाते तिकडे तोही जातो.

पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटचा धोका आयोवातच प्रथम नेमकेपणाने नोंदला गेला. आयोवा सिटी येथील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि तान्ह्या बालकांचे शरीर निळसर पडण्याचा विकार यांचा संबंध दाखवून दिला. रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी झाल्याने हा विकार होतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेट-नायट्रोजनची कमाल मर्यादा १० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा संपूर्ण नायट्रेट आयनाच्या वजनावर मोजलेली असल्याने दोन्ही आकडे जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हा फरक ध्यानात न घेतल्यास मोठी गफलत होते.

आयोवाची राजधानी दे मॉइन हे शहर रकून व दे मॉइन या नद्यांचे पाणी पिते. तेथील पाणीपुरवठा संस्थेला १९९० च्या दशकाच्या आरंभापासून नायट्रेट काढण्याचा स्वतंत्र प्रकल्प चालवावा लागतो. या संस्थेने २०१५ मध्ये रकून नदीच्या वरच्या भागातील तीन काउंट्यांच्या निचरा-मंडळांविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा लावला. नळ्यांतून येणारे पाणी कारखान्याच्या सांडपाण्याप्रमाणे परवान्याखाली यावे, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायालयाने २०१७ मध्ये दावा फेटाळला. निचरा-मंडळांना नायट्रेटवर उपाय करण्याचा कायदेशीर अधिकारच नाही, तेव्हा त्यांच्याकडून भरपाई वा निवारण मिळू शकत नाही, असे निकालाचे सार होते. परिणामी शेतनिचऱ्याच्या पाण्यावरील उपाय आयोवात ऐच्छिकच राहिले. जून २०२५ मध्ये नद्यांतील नायट्रेट वाढल्याने या शहराच्या परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली होती.

हेच पाणी पुढे मिसिसिपी नदीवाटे मेक्सिकोच्या आखातात जाते. तेथे नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शैवाल माजते आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपून दर उन्हाळ्यात जलचरांना जगण्यास अयोग्य असा पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरले होते.

इतिहास

कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या भूजल-शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी या कल्पनेला प्रयोगाचे रूप दिले. १९९४ मध्ये डेव्हिड ब्लोज, विल रॉबर्टसन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातील पात्रे अवघी २०० लिटरची, म्हणजे एका मोठ्या पिंपाएवढी होती. त्यांत जाडी वाळू, झाडाची साल, ढलप्या आणि पानांचे कंपोस्ट भरले होते. शेतनिचऱ्याचे पाणी त्यांतून दिवसाला १० ते ६० लिटर या गतीने सोडले असता नायट्रेट जवळजवळ नाहीसे झाले. याच सुमारास रॉबर्टसन व जॉन चेरी यांनी शौचकुंडांतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी भूजलाच्या वाटेत अशा भिंती उभारून पाहिल्या.

न्यू झीलंडमध्ये लुईस शिपर यांनी केंब्रिज गावाजवळ १९९६ मध्ये ३५ मीटर लांब व दीड मीटर खोल चर खणून त्यातील मातीत लाकडाचा भुसा मिसळला. या ‘विनायट्रीकरण भिंती’तून भूजल आपोआप झिरपत जाते. ही भिंत चौदा वर्षांनंतरही नायट्रेट काढत असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. लाकूड लवकर कुजून संपेल ही भीती त्यामुळे बरीच ओसरली.

नळीतून येणारे पाणी ढलप्यांच्या चरात वळवण्याच्या सध्याच्या रचनेचा विकास इलिनॉय व आयोवा येथील विद्यापीठांत झाला. इलिनॉय विद्यापीठातील रिचर्ड कुक आणि पुढे लॉरा क्रिस्टियनसन यांची नावे त्यात प्रामुख्याने घेतली जातात. अमेरिकी कृषी खात्याच्या नैसर्गिक साधन संवर्धन सेवेने या पद्धतीला ६०५ या क्रमांकाचे संवर्धन-मानक दिले आहे. मानकाप्रमाणे बांधकाम केल्यास शासकीय अर्थसाहाय्य मिळू शकते.

प्रक्रिया

प्राणवायू असेतो जिवाणू श्वसनासाठी तोच वापरतात. चरात शिरलेल्या पाण्यातील प्राणवायू पहिल्या काही मीटरांतच संपतो. त्यानंतर स्यूडोमोनास, पॅराकॉकस यांसारखे, प्राणवायू असताना व नसताना दोन्ही परिस्थितींत जगणारे जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजनचा उपयोग करू लागतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू अशा पायऱ्यांनी हे रूपांतर होते. लाकूड हे जिवाणूंचे अन्न आहे. जिवाणू बाहेरून आणून सोडावे लागत नाहीत, ते माती, पाणी व लाकूड यांसोबत आपोआप येतात. नायट्रेट ढलप्यांत साठून राहत नाही, ते खरोखर नाहीसे होते. म्हणून याला गाळणी म्हणणे चुकीचे ठरते.

रासायनिक हिशेबाप्रमाणे एक किलोग्रॅम नायट्रोजन घालवण्यास साधारण तेवढाच कार्बन लागतो. काही टन लाकडाच्या चराला या हिशेबाने कितीतरी दशके पुरवठा व्हावा. तरी आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे धरतात, कारण सहज पचणारा कार्बन आधी संपतो, पाणी उतरल्यावर हवेच्या संपर्कात आलेले लाकूड वेगाने कुजते आणि ढलप्यांचा चुरा होऊन पाण्याची वाट अडते.

तापमानाचा प्रभाव मोठा आहे. पाणी दहा अंश सेल्सियसने तापले की प्रक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

रचना

शेताच्या कडेला, मुख्य नळी ओढ्याला मिळण्यापूर्वी, तिच्यावर पहिली नियंत्रण-पेटी बसवतात. पेटीत एकावर एक सरकवता येणाऱ्या फळ्या असतात. फळ्यांमुळे पाणी तुंबून बाजूच्या नळीने चरात शिरते. प्रवाह चराच्या क्षमतेपलीकडे गेला की उरलेले पाणी फळ्यांवरून उडी मारून जुन्या मार्गाने ओढ्याकडे जाते. ही सुटकेची वाट अनिवार्य आहे, कारण ती नसल्यास पाणी मागे तुंबून पीक बुडेल आणि नळ्या टाकण्याचा हेतूच विफल होईल. चराच्या खालच्या टोकाला दुसरी पेटी असते. तिच्यातील फळ्यांनी चरातील पाण्याची पातळी व मुक्काम ठरतो. चराच्या तळाला व बाजूंना बहुधा प्लॅस्टिकचे अस्तर लावतात. वर तंतुवस्त्र अंथरून मातीचा थर देतात. ढलप्या कालांतराने खचतात, म्हणून मातीचा उंचवटा मुद्दाम ठेवला जातो. त्यावरून जड यंत्रे नेत नाहीत.

आकारमान

संपूर्ण महत्तम प्रवाह सामावेल एवढा चर बांधणे परवडत नाही, आणि बांधलाच तर वर्षातील बराच काळ त्यात पाणी गरजेपेक्षा फार जास्त रेंगाळेल. म्हणून महत्तम प्रवाहाचा काही अंश, साधारण १५ ते २० टक्के वा थोडा अधिक, चरात घ्यावा असा प्रघात पडला. महत्तम प्रवाह क्वचितच येत असल्याने एवढ्या क्षमतेतूनही वर्षभराच्या पाण्याचा मोठा भाग प्रक्रियेखाली येतो. त्या प्रवाहाला चार ते आठ तासांचा धारणकाल, म्हणजे चरातील मुक्काम, मिळावा असे पाहतात.

पुढील उदाहरण केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहे. वीस हेक्टर शेतातील नळ्या दिवसाला १० मिलिमीटर पाणी काढू शकतात असे धरल्यास महत्तम प्रवाह सेकंदाला सुमारे २३ लिटर होतो. चर ३० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे. वरच्या टोकाला पाणी १.२ मीटर व खालच्या टोकाला ०.६ मीटर खोल, म्हणजे सरासरी खोली ०.९ मीटर आहे. ढलप्यांचे भिजलेले आकारमान १६२ घनमीटर आणि सच्छिद्रता ०.७ धरल्यास त्यात ११३ घनमीटर पाणी मावते. ढलप्यांची जलवाहकता सेकंदाला ५ सेंटिमीटर मानली, तर डार्सीच्या नियमाने प्रवाह सेकंदाला ५.४ लिटर येतो. तो महत्तम प्रवाहाच्या चौथ्या भागाला थोडा कमी आहे. धारणकाल ५.८ तास भरतो.

या समीकरणातील एक गोष्ट नवख्याच्या लक्षात पटकन येत नाही. पातळ्या कायम ठेवून रुंदी दुप्पट केली तर प्रवाह दुप्पट होतो, पण धारणकाल बदलत नाही. लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्म्यावर येतो आणि धारणकाल चौपट होतो. म्हणून मुक्काम लांबीने साधायचा आणि पाण्याचे प्रमाण रुंदीने. सपाट जमिनीत दोन टोकांच्या पातळीत पुरेसा फरक मिळत नाही, तेथे चर आखूड व रुंद करावा लागतो. वेगवान प्रवाहात डार्सीचा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही, ही दुरुस्ती अलीकडच्या अभ्यासांनी सुचवली आहे.

आता याच चरात नायट्रेट किती कमी होईल ते पाहता येते. अनेक अभ्यासांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात अशा चरांची सरासरी क्षमता प्रति घनमीटर दिवसाला सुमारे ४.७ ग्रॅम नायट्रोजन आढळली. त्या हिशेबाने १६२ घनमीटरचा चर दिवसाला पाऊण किलोग्रॅमच्या आसपास नायट्रोजन घालवतो. पाण्यात १२ मिलिग्रॅम प्रतिलिटर नायट्रेट-नायट्रोजन असेल, तर पूर्ण प्रवाहात दिवसाला सुमारे ५.६ किलोग्रॅम आत येते. त्यातील जेमतेम सातवा भाग निघतो. बाहेर पडणारे पाणी अद्याप पिण्याच्या मर्यादेवरच असते. थंडीत क्षमता सरासरीहूनही कमी असते. उलट प्रवाह सेकंदाला एक लिटरवर आला आणि फळ्यांनी पातळी तशीच राखली, तर आत येणाऱ्या सुमारे एक किलोग्रॅमपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश निघून जाते. त्या वेळी धारणकाल एकतीस तासांवर गेलेला असतो. टक्केवारीत उत्तम दिसणारे दिवस आणि किलोग्रॅममध्ये महत्त्वाचे दिवस हे असे वेगळे असतात. बायोरिॲक्टरच्या यशाचे आकडे वाचताना ते चरातून गेलेल्या पाण्यापुरते आहेत की फळ्यांवरून सुटून गेलेले पाणीही त्यात मोजले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

ढलप्या

कठीण लाकडाच्या, साधारण एक ते पाच सेंटिमीटर आकाराच्या, माती व भुसा काढून टाकलेल्या ढलप्या पसंत केल्या जातात. बारीक भुशावर जिवाणू वेगाने काम करतात, पण त्यातून पाणी वाहत नाही. वाळवी वा बुरशी लागू नये म्हणून रसायन चोळलेले लाकूड वर्ज्य आहे. मक्याची कणसे दाणे काढल्यावर वापरून पाहिली असता नायट्रेट लाकडापेक्षा वेगाने निघाले, पण ती लवकर कुजतात. जुन्या ढलप्या बदलण्यासाठी सारा चर उकरावा लागत असल्याने टिकाऊपणाला वेगाहून अधिक महत्त्व दिले जाते.

अनिष्ट परिणाम

नव्या चरातून पहिले काही आठवडे तपकिरी, चहाच्या रंगाचे पाणी निघते. त्यात लाकडातून सुटलेले सेंद्रिय पदार्थ असतात आणि ते ओढ्यातील प्राणवायू खातात. म्हणून चर कमी प्रवाहाच्या काळात एकदम सुरू करत नाहीत.

प्रक्रिया मध्येच थांबल्यास नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीस कारणीभूत होणारा वायू सुटतो. मोजणीत त्याचा वाटा सामान्यतः अल्प आढळतो, परंतु थंड पाणी व अपुरा वेळ असताना तो वाढतो. उलट टोकाला, उन्हाळ्यातील संथ प्रवाहात नायट्रेट पूर्णपणे संपले, तर जिवाणू सल्फेटकडे वळतात. मग कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि पाऱ्याचे मिथिल-पारा या विषारी रूपात परिवर्तन होण्याची परिस्थिती निर्माण होते. अशा वेळी खालच्या पेटीतील फळी काढून पाणी लवकर सोडायचे असते. म्हणजे फळ्या ऋतुमानाप्रमाणे कोणीतरी हलवल्या पाहिजेत. ‘देखभाल नको’ अशी जी या रचनेची ख्याती सांगितली जाते, ती येथे अपुरी पडते.

उपयोग व मर्यादा

आयोवाच्या २०१३ मधील पोषकद्रव्य-घट धोरणात बायोरिॲक्टरमधून जाणाऱ्या पाण्यातील नायट्रेट सरासरी ४३ टक्के कमी होते असे गृहीत धरले आहे. एक चर साधारण बारा ते चाळीस हेक्टरांचे पाणी हाताळतो आणि आयोवात नळ्या टाकलेली जमीन लाखो हेक्टर आहे. त्यामुळे हा एकटा उपाय पुरणार नाही, यावर अभ्यासकांत मतभेद नाही. हिवाळ्यात जमीन झाकणारी पिके, पाणथळ जागांची पुनर्निर्मिती आणि ओढ्याकाठच्या गवताळ पट्ट्यात निचऱ्याचे पाणी जिरवण्याची पद्धत हे उपायही त्यासोबत वापरले जातात. शेवटची पद्धत जागा योग्य असल्यास स्वस्त पडते, कारण तिच्यात लाकूड लागत नाही, तेथील मातीतला कार्बनच पुरतो.

खरी अडचण आर्थिक आहे. चराचा खर्च दहा हजार डॉलरांच्या पुढे सहज जातो, आणि त्याने शेतकऱ्याचे उत्पन्न एका दाण्यानेही वाढत नाही. लाभ होतो तो शेकडो किलोमीटर खाली राहणाऱ्या माणसांना. नांगरणी न करता शेती केल्यास इंधन वाचते. झाकण-पिकांनी जमीन सुधारते. बायोरिॲक्टरला असा दुसरा फायदा नाही. दुसरीकडे, तो शेताच्या कडेच्या पडीक पट्ट्यात बसतो, पिकाखालची जमीन घेत नाही आणि शेतकऱ्याच्या पीकपद्धतीत हात घालत नाही. आयोवातील पोल्क काउंटीत २०२१ पासून शेतमालकावर खर्च न टाकता एका परिसरातील अनेक जागांची कामे एकाच कंत्राटात करण्याची पद्धत सुरू झाली. तिच्यामुळे एकेका चरासाठी स्वतंत्र अर्ज, आराखडा व कंत्राटदार शोधण्याची दगदग टळली.

महाराष्ट्रातील स्थिती

सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा-पंचगंगेच्या काठी उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे बरीच जमीन क्षारपड झाली. ती सुधारण्यासाठी शिरोळ तालुक्यासह अनेक गावांत भूमिगत सच्छिद्र पाइपांची निचरा-प्रणाली घालण्यात आली आहे. आयोवातील नळ्यांशी तिचे साम्य स्पष्ट आहे. दोन्हीकडे पाणी एका तोंडाशी गोळा होते आणि बायोरिॲक्टरची ती पहिली अट आहे. पाणी उबदार असल्याने जिवाणूंचा वेगही अधिक राहील. परंतु येथे निचऱ्याचा मुख्य हेतू क्षार धुऊन काढणे हा असून क्षार बायोरिॲक्टरने कमी होत नाहीत. पाण्यात सल्फेट अधिक असेल तेथे नायट्रेट संपल्यावर दुर्गंधीचा प्रश्न तीव्र होऊ शकतो. उसाचे पाचट व चिपाड सहज मिळत असले तरी मक्याच्या कणसांप्रमाणे ते लवकर कुजणाऱ्या वर्गात मोडते.

विदर्भ व मराठवाड्यातील अनेक विहिरी व विंधनविहिरींच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरहून अधिक नायट्रेट असल्याचे केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत नोंदलेले आहे. खताबरोबरच शौचखड्डे आणि गोठे हेही त्याचे स्रोत असतात. तेथील पाणी एका नळीत न येता सर्व बाजूंनी जमिनीत झिरपत असल्याने लेखात वर्णिलेला चर त्या विहिरींना उपयोगी पडत नाही.